उसवलेली अक्षरे

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी सायंकाळच्या मिस्साबलिदानानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या होत्या. हाती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले पांढरे वस्त्र होते. सासूबाईंच्या निधनाला वर्ष होत आले होते. त्यांची पेटी उघडली तेव्हा तळाशी हे मेजवस्त्र सापडले. ते चर्चमधील वेदीवर अंथरले जावे, अशी घरातील सर्वांची इच्छा होती. वस्त्र लिननचे होते, काठाला क्रोशाने विणलेली लेस होती, आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात, दोन रोमन अक्षरे एकमेकांत गुंफलेली होती. कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात शिकत असताना, लग्न ठरण्याच्याही आधी, सासूबाईंनी ती भरली होती. अर्थातच ती त्यांच्या माहेरच्या नावाची होती.

"फादर, ही अक्षरे उसवून आणू का?" त्या भगिनींनी विचारले.

"उसवून आणा," आम्ही म्हणालो. "वेदी कोणा एका घराची नसते."

उत्तर देताना आम्ही क्षणभरही थांबलो नाही. ते उत्तर बरोबर होते की चुकीचे, याचा विचार आम्ही त्यानंतर केला. वस्तूंवर नावाची अक्षरे गुंफण्याची ही आवड माणसाला कोठून लागली, तिने घराघरांत काय केले आणि देवघरात तिला जागा आहे की नाही, हे शोधत आम्ही काही महिने ग्रंथ चाळले. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे.

'मोनोग्राम' हा शब्द ग्रीक आहे. 'मोनोस' म्हणजे एक आणि 'ग्रामा' म्हणजे अक्षर. दोन किंवा अधिक अक्षरे अशी जोडायची की, पाहणाऱ्याला ती एकच आकृती वाटावी. आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. देवनागरी लिपी तर जोडाक्षरांवरच उभी आहे. 'श्री' लिहिताना आपण तीन ध्वनी एका आकृतीत बसवतो आणि त्याची जाणीवही आपल्याला राहत नाही. प्राचीन ग्रीक राजांच्या नाण्यांवर अशा गुंफलेल्या अक्षरांच्या खुणा असत. वायव्य भारतात राज्य करणाऱ्या मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांच्या नाण्यांवरही त्या आढळतात. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात, या दोघांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात चालत असल्याची नोंद आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांचे उल्लेखही त्याच ग्रंथात आहेत. म्हणजे मोनोग्रामची आमच्या किनाऱ्याशी ओळख फार जुनी असली पाहिजे.

ख्रिस्ती लोकांनी ही रीत उचलली ती प्रभूच्या नावासाठी. 'ख्रिस्तोस' या ग्रीक शब्दाची पहिली दोन अक्षरे 'खी' आणि 'रो'. रोमन लिपीतील एक्स आणि पी यांच्यासारखी ती दिसतात. ती एकावर एक लिहिली की तयार होणारे चिन्ह आजही आपल्या वेदीवस्त्रांवर असते. मौज अशी की, ही आकृती ख्रिस्ती लोकांच्याही आधीची आहे. ग्रीक लेखनिक हस्तलिखिताच्या समासात 'हा मजकूर उपयुक्त' अशी खूण करण्यासाठी ती वापरीत. इसवी सन ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्वियन पुलावर कॉन्स्टंटाइनने मॅक्सेंशियसचा पराभव केला. त्या युद्धापूर्वी राजाला झालेल्या दर्शनाच्या दोन हकिकती लॅक्टँशियस आणि युसेबियस या तत्कालीन लेखकांनी दिल्या आहेत. तपशिलात त्या एकमेकींशी जुळत नाहीत. परंतु ३१५ च्या एका चांदीच्या पदकावर राजाच्या शिरस्त्राणावर हे चिन्ह स्पष्ट दिसते. समासातील खूण राजाच्या मस्तकावर चढली.

आमचे मन मात्र राजाच्या शिरस्त्राणापेक्षा काही चमच्यांपाशी अधिक रेंगाळले. इंग्लंडमधील मिल्डनहॉल येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेत नांगरताना रोमन काळातील चांदीच्या भांड्यांचा ठेवा सापडला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हा चौथ्या शतकातील एका श्रीमंत घराचा संसार. त्यात चांदीचे चमचे आहेत. तीन चमच्यांवर ख्रिस्ताची ती दोन अक्षरे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आल्फा व ओमेगा कोरलेले आहेत. इतर दोहोंवर मात्र माणसांची नावे आहेत, पास्केन्तिया आणि पापित्तेदो, आणि प्रत्येकाला आयुष्य चिंतणारा एक लॅटिन शब्द. ही बाप्तिस्म्याची भेट असावी, असा तर्क केला जातो. ते काहीही असो. ख्रिस्ताचे नाव आणि घरातल्या माणसांची नावे सोळाशे वर्षे मातीखाली एकाच ठेव्यात शेजारी शेजारी पडून होती. एकाला दुसऱ्याची अडचण झाली नव्हती.

आता त्या सायंकाळच्या आमच्या उत्तराकडे वळतो. 'उसवून आणा' असे सांगताना आमच्या मनात सिएनाचे संत बर्नार्डिन होते. सेमिनरीत असताना त्यांचे चरित्र आम्ही आवडीने वाचले होते आणि त्यांच्यातील एक प्रसंग त्या भगिनींना सांगितलाही.

संत बर्नार्डिन (१३८०–१४४४) हे फ्रान्सिस्कन संघाचे प्रवचनकार. त्या काळी इटलीतील शहरे गटबाजीने पोखरलेली होती. ग्वेल्फ आणि घिबेलिन या जुन्या पक्षांची नावे घेऊन घराणी एकमेकांचे रक्त सांडीत. प्रत्येक गटाचे चिन्ह घरांच्या दारांवर, भिंतींवर, इतकेच नव्हे तर देवळांतही मिरवले जाई. संतांनी चौकाचौकांत उभे राहून ही चिन्हे उतरवण्याचे आवाहन केले आणि त्यांच्या जागी येशूचे नाव लावायला सांगितले. त्यासाठी ते एक फळी घेऊन फिरत. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी सूर्य आणि त्याच्या मध्यभागी आय-एच-एस ही तीन अक्षरे. अनेकांना वाटते की, ती एखाद्या लॅटिन वाक्याची आद्याक्षरे आहेत. वस्तुतः ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. मधले अक्षर रोमन 'एच' नसून ग्रीक 'ईटा' आहे. दोन्हींची आकृती सारखी असल्यामुळे हा घोटाळा झाला. पुढे लहान लिपीतील त्या अक्षराच्या उभ्या दांड्याला आडवी रेघ मिळाली आणि त्याचा क्रूस झाला.

एका कारागिराची आख्यायिका सांगतात. जुगाराची पाने रंगवून तो पोट भरी. संतांच्या प्रवचनाने लोकांनी जुगार सोडला, तेव्हा 'माझ्या मुलाबाळांनी काय खावे?' असे विचारीत तो आला. 'हे नाव रंगवून वीक,' असे संतांनी सांगितले, आणि त्याचा धंदा पूर्वीपेक्षा बरा चालला. सिएनाच्या नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवर १४२५ मध्ये लावलेली ती अक्षरे आजही आहेत. अर्थात विरोधकही होते. लोक प्रभूऐवजी अक्षरांची पूजा करू लागले, असा आरोप झाला. १४२७ साली संतांना रोममध्ये पोप पाचवे मार्टिन यांच्यासमोर उभे राहावे लागले. ते निर्दोष ठरले. पवित्र नामाचा सण १५३० मध्ये फ्रान्सिस्कनांना आणि १७२१ मध्ये सर्व ख्रिस्तसभेला मिळाला. १९६९ च्या पंचांगातून तो वगळला गेला आणि २००२ मध्ये ३ जानेवारी या दिवशी पुन्हा आला.

त्या तीन अक्षरांचा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. संत इग्नेशियस यांनी ती आपल्या मुद्रेत घेतली आणि १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या येशूसंघाबरोबर ती जगभर गेली. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेसमोर उभे राहून मान वर केली की, जांभ्या दगडाच्या त्या भव्य दर्शनी भागावर ती दिसतात. जपानी कारागिरांनी लाखकामाच्या काळ्या डब्यांवर सोने आणि शिंपले जडवून ती उमटवली. त्या डब्यांत ओस्ती ठेवीत. इतकेच काय, कॅल्व्हिनच्या जिनिव्हा शहराने कॅथलिक पंथ सोडला, परंतु नगरचिन्हाच्या माथ्यावरील ही सूर्यांकित अक्षरे सोडली नाहीत. ज्यांचे एकमेकांशी पटत नव्हते, त्यांनीही एकच नाव भिंतीवर ठेवले. संत बर्नार्डिन यांना याहून वेगळे काय हवे होते?

परंतु ग्रंथ चाळताना आमच्या ध्यानात आले की, संतांच्या दाखल्याचा आम्ही चुकीच्या ठिकाणी उपयोग केला होता. त्यांनी उतरवायला सांगितली ती चिन्हे कोणती होती? 'हे घर आमच्या बाजूचे, ते शत्रूचे' असे ओरडून सांगणारी. त्या चिन्हांत सत्ता होती. सत्तेची अक्षरे वेगळी आणि संसाराची वेगळी, हा भेद आमच्याकडून निसटला होता.

सत्तेच्या अक्षरांचे काय होते, हे इतिहासात जागोजागी दिसते. सम्राट शार्लमेन याच्या आज्ञापत्रांवर 'कारोलुस' या नावाची अक्षरे क्रूसाच्या आकारात मांडलेली असत. ती लेखनिक काढीत आणि सम्राट मध्ये फक्त एक छोटी रेघ ओढून शिक्कामोर्तब करी. एवढ्या एका रेघेने युरोपचा कारभार चाले. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने ॲन बोलिन हिच्याशी विवाह केला तेव्हा दोघांची आद्याक्षरे एकत्र गुंफून राजवाड्यांत कोरली गेली. १९ मे १५३६ रोजी त्याच राजाच्या आज्ञेने तिचा शिरच्छेद झाला, आणि कारागिरांना ती अक्षरे खरवडण्याचे काम लागले. तरी सगळी गेली नाहीत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलमधील लाकडी पडद्यावर एच आणि ए आजही एकमेकांना बिलगून आहेत. राजाने वचन मोडले, लाकडाने पाळले. फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीची कथा आणखी चमत्कारिक. त्याच्या नावाचे एच आणि राणी कॅथरीनचे दोन सी यांची गुंफण अशी केली गेली की, सी हे अक्षर एच च्या दांड्याला चिकटून डी सारखे दिसे. आणि डी हे राजाच्या प्रेयसीचे, दिआन हिचे आद्याक्षर होते. राणीने कोणते अक्षर वाचले असेल, हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही.

घरातल्या अक्षरांचे कारण मात्र साधे होते. आपले कपडे हरवू नयेत. युरोपातील खात्यापित्या घरांत चादरी, टॉवेल, मेजवस्त्रे यांचे मोठे ढीग असत आणि मोठी धुलाई वर्षातून मोजक्याच वेळा निघे. तेव्हा प्रत्येक नगावर घराची अक्षरे आणि खाली क्रमांक घालीत. क्रमांक पाहून कपडे पाळीपाळीने वापरले जात, म्हणजे सगळे सारखेच झिजत. दोरा बहुधा लाल असे, कारण मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांपासून काढलेला तो रंग राखेच्या पाण्यात उकळूनही टिके. मुली अक्षरे शिकत ती याच कामासाठी. एका कापडाच्या तुकड्यावर सर्व वर्णमाला फुलीच्या टाक्यात भरायची, हाच त्यांचा धडा. पाटी-पेन्सिल येण्याआधी अनेकींनी अक्षर सुईने गिरवले. फ्रान्सच्या म्युलूझ शहरात १७४६ मध्ये सुरू झालेली डी.एम.सी. ही दोऱ्यांची कंपनी पुढे अशा अक्षरांच्या नमुन्यांची पुस्तकेच छापू लागली. तेरेझ द दिल्माँ या विदुषीने १८८६ मध्ये स्त्रियांच्या हस्तकलांचा कोश प्रसिद्ध केला आणि तो अनेक भाषांत गेला.

येथेच आम्हांला आमच्या त्या मेजवस्त्राची किल्ली सापडली. मुलगी आपल्या संसाराचे कापड लग्नाच्या कितीतरी आधी भरायला घेई. वर कोण, हे ठरलेले नसे. म्हणून अक्षरे माहेरच्या नावाचीच असत. विवाहानंतर तिचे नाव बदले, गाव बदले. कापडावरची अक्षरे बदलत नसत. इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ चे कायदे होईपर्यंत विवाहितेच्या जंगम मालमत्तेवर सामान्यतः पतीचा हक्क असे. कागदोपत्री तिचे काहीच नव्हते. चादरीच्या कोपऱ्यातली दोन अक्षरे तेवढी सांगत की, ही बाई या घरात येण्यापूर्वीही कोणीतरी होती. त्याच देशात चांदीच्या भांड्यांवर तीन अक्षरे त्रिकोणात कोरण्याची चाल होती. माथ्यावर आडनाव, खाली डाव्या हाताला पतीचे नाव, उजव्या हाताला पत्नीचे. दोन माणसांवर एक छप्पर, असेच ते चित्र दिसते.

आपल्याकडे काय? धोब्याची खूण कोणाला ठाऊक नाही? बिब्ब्याच्या काळ्या रसाने कापडाच्या कडेला केलेली ती खूण कापड फाटले तरी जात नाही. इंग्रजांनी बिब्ब्याला जे नाव दिले त्याचा अर्थच 'खुणेचे फळ' असा आहे. धोबी ती स्वतःपुरती करी. वाचता येत नसले तरी शंभर घरांचे कपडे त्या खुणांवरून घरोघर बिनचूक पोचत. आणि भांड्यांवरची नावे! लग्नसराईत भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून, छिन्नीच्या बारीक ठोक्यांनी ठिपक्या-ठिपक्यांची नावे घालणारा कारागीर आम्ही लहानपणी तासन्‌तास पाहिला आहे. आज विजेची लेखणी आली आहे, पण 'सप्रेम भेट' तशीच आहे. आद्याक्षरांवर मराठी माणसाचे प्रेम तर सर्वश्रुत आहे. 'पु. ल.' एवढे म्हटले की समोरचा हसू लागतो, 'ना. वा.' म्हटले की आमच्या वाचकांना रेव्हरंड टिळकच आठवतात.

धर्मगुरूला धर्मग्रामात एक नावडते कामही करावे लागते, ते म्हणजे भावाभावांच्या वाटणीला साक्षीदार म्हणून बसणे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्ही असेच बसलो होतो. ओटीवर भांडी मांडली होती. प्रत्येक भांड्याची कड उजेडात धरून अक्षरे वाचायची आणि ते या किंवा त्या ढिगात ठेवायचे, असे चालले होते. शेवटी एक तांब्याचा हंडा उरला. त्यावरची तीन अक्षरे दोघांपैकी कोणाच्याच ओळखीची निघेनात. दोघांनाही तो हवा होता. आवाज चढू लागले. तेव्हा दाराआड उभी असलेली बहीण म्हणाली, "ती आईच्या बापाची अक्षरे आहेत. आईने तो माहेरून आणला." तिला तोवर कोणी काही विचारले नव्हते. अंगण क्षणभर शांत झाले. मग थोरल्या भावाने हंडा उचलला आणि तिच्यापुढे ठेवला. तीन अक्षरांनी जे केले ते आमच्या उपदेशाने झाले नसते.

ही आठवण गाठीशी असताना आम्ही त्या सायंकाळी 'उसवून आणा' म्हणालो, याचे आज आम्हांला वाईट वाटते. आणि ज्या पवित्र शास्त्राच्या अभ्यासात आमची उमेदीची वर्षे गेली, त्यातील एक जागाही आम्हांला वेळेवर आठवली नाही. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात प्रमुख याजकाच्या वस्त्रांचे वर्णन आहे. त्याच्या खांद्यांवरच्या दोन रत्नांवर सहा-सहा आणि छातीवरच्या बारा रत्नांवर एकेक अशी इस्राएलच्या वंशांची नावे कोरायची होती, आणि ती लेवूनच त्याने पवित्रस्थानात जायचे होते. माणसांची नावे देवासमोर न्यायची नसतात, असे कोठेच म्हटलेले नाही. उलट ती छातीवर धरून न्यायची असतात. आपल्याच सॅक्रिस्टीतील कालिस उलटा करून पाहावा. त्याच्या बुडाशी, जेथे फक्त याजकाची नजर जाते तेथे, देणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत असते. पंख्याच्या पात्यावर हातभर अक्षरांत रंगवलेले देणगीदाराचे नाव वेगळे आणि हे वेगळे. पहिले लोकांनी वाचावे म्हणून असते. दुसरे ज्याने वाचायचे तो वाचतो.

त्या भगिनी आठ दिवसांनी वस्त्र घेऊन आल्या. धुतलेले, खळ दिलेले, इस्त्री केलेले. लाल दोरा नखाएवढाही शिल्लक नव्हता. सासूबाईंच्या हाताचे टाके काढायला त्यांना दोन दुपारी लागल्या होत्या. आम्ही वस्त्र खिडकीशी नेले. दोरा गेला होता, पण सुईची भोके होती. बाकीचे कापड वर्षानुवर्षे पिवळट पडले होते आणि टाक्यांखाली झाकलेला भाग तेवढा पांढरा राहिला होता. दोन्ही अक्षरे स्पष्ट वाचता येत होती.

पुढे हा सगळा विचार झाल्यावर आम्ही त्यांना भेटून आमची चूक सांगितली आणि अक्षरे पुन्हा भरून घेता येतील का, असे विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नको, फादर. आता भरली तर ती माझ्या हाताची होतील."

ते वस्त्र सणाच्या दिवशी वेदीवर असते. अक्षरांचा कोपरा आम्ही आमच्या बाजूला येईल असा अंथरतो. आमच्या चर्चमधील वस्तूंच्या नोंदवहीत पूर्वी 'वेदीवस्त्र, पांढरे, नग एक' एवढेच लिहीत. आता कोणी भरले, कोठे भरले, कोणाच्या पेटीतून आले, हेही लिहितो. वाचकांना आमची विनंती एवढीच की, आजीच्या पेटीतील रुमाल, उशीचे अभ्रे, माळ्यावरची भांडी मोडीत काढण्यापूर्वी त्यांवरची अक्षरे कोणाची, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत उतरवून ठेवावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.